परराष्ट्र धोरण कोण ठरवते? एका कापड व्यापाऱ्याचा सवाल

परराष्ट्र धोरण म्हटले की आपल्या व्यापारी मंडळींना वाटते, हा मोठ्या लोकांचा मामला आहे. पंतप्रधान परदेशी जातात, हस्तांदोलनाचे फोटो छापून येतात, संयुक्त निवेदन निघते. आपला त्याच्याशी संबंध काय? आपण बरे, आपले सूत बरे आणि आपली उधारी बरी. मीही बरीच वर्षे असेच समजत होतो. माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. मराठी मी भिवंडीच्या बाजारात बिले लिहिता लिहिता शिकलो आणि इंग्रजी परिपत्रक आले की ते मुलाच्या हाती द्यायचे, ही आमच्या घरची रीत. पण तीस वर्षे कापड विकल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. परराष्ट्र धोरणाचे बिल शेवटी कोणाच्या तरी गाळ्यावर येतेच. ज्याला बिल भरायचे आहे, त्याने माल कोणी मागवला हे विचारले तर त्यात गैर काय?

एकाच दौऱ्यातील दोन निर्णय

६ व ७ सप्टेंबर २०११ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग ढाक्याला गेले होते. या दौऱ्यात दोन मोठी कामे व्हायची होती. एक, तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार. दुसरे, बांगलादेशच्या तयार कपड्यांना भारताचा बाजार खुला करणे.

पहिले काम झाले नाही. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांना वाटपाचा मसुदा मान्य नव्हता. त्यांनी ऐनवेळी पंतप्रधानांबरोबर जाण्यास नकार दिला. आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोरामचे मुख्यमंत्री गेले, पण ज्या राज्यातून तिस्ता बांगलादेशात उतरते त्या राज्याचाच नकार आल्यावर करार बाजूला ठेवावा लागला. पुढे दिल्लीत सरकार बदलले, तरीही त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत तो होऊ शकला नाही.

दुसरे काम मात्र झाले. कापड उद्योगातील ४६ टॅरिफ लाइन्सवरील आयात शुल्क शून्य करण्याची घोषणा झाली. त्यांत मुख्यतः तयार कपडे होते. दोन महिन्यांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, मालदीवच्या सार्क परिषदेत भारताने आणखी एक पाऊल टाकले. सार्कमधील अल्पविकसित देशांसाठी ज्या ४८० वस्तूंवर सवलत नव्हती, ती यादी केवळ २५ वस्तूंवर आणली. दारू-तंबाखूसारख्या वस्तू राहिल्या, कपडे सुटले.

आता याचा अर्थ काय? एका मुख्यमंत्र्याने एक नदी अडवली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांतील लाखो यंत्रमागांना मात्र ४६ ओळींविषयी कोणी विचारलेदेखील नाही. आम्हाला ती बातमी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचायला मिळाली, तीही आतल्या पानावर.

त्याचा परिणाम एका वर्षात दिसला नाही. मी त्या काळात मुंबईतील लहान शर्ट कारखानदारांना शर्टिंग पुरवत असे. त्यातला एक गिऱ्हाईक पंधरा वर्षांचा. धारा ठरला की दुसरा शब्द नसे. २०१३ च्या अखेरीस त्याने महिन्याचा माल निम्म्यावर आणला. कारण विचारले तर त्याने टेबलावर एक शर्ट ठेवला. शिलाई साफ, किंमत त्याच्या लागतीपेक्षा कमी आणि कॉलरखाली 'मेड इन बांगलादेश'. त्याचे मोठे दुकानदार आता तिकडून तयार माल घेत होते. बांगलादेशात निर्यातीच्या कपड्यांसाठी लागणारे कापड बाँडेड गोदामातून शुल्काशिवाय येते आणि त्यात चीनचे कापड बरेच असते. म्हणजे चीनच्या कापडावर आपण आपल्या दारात शुल्क लावतो, आणि तेच कापड ढाक्यात शर्ट होऊन आले की बिनशुल्क आत येऊ शकते. दोन वर्षांत त्या कारखानदाराने मशिनी विकल्या. मी दुसरे गिऱ्हाईक शोधले. माझ्या कापडाचे माग चालवणाऱ्यांनी काय शोधले, हे मी कधी विचारले नाही.

खरे बोलायचे तर सगळा दोष त्या ४६ ओळींवर टाकता येणार नाही. जुने साधे माग, विजेचे दर, आमची आपापसातील धारा पाडण्याची सवय, ही दुखणी आधीपासूनची आहेत. शिवाय याच व्यवहाराची दुसरी बाजूही आहे. बांगलादेश हा भारतीय कापूस आणि सुताचा फार मोठा गिऱ्हाईक आहे. तिकडे शर्ट जितके जास्त शिवले जातात, तितके आपल्या सूतगिरण्यांचे सूत जास्त खपते. सूतगिरणीला ज्यात फायदा, त्यात मागवाल्याला तोटा. "देशाचे हित" असा शब्द वापरला जातो, तेव्हा त्या एका शब्दात किती जणांचे वेगवेगळे हित असते, ते असे बाजारात उतरले की समजते.

कागदावर अधिकार कोणाचा?

राज्यघटनेत उत्तर सरळ आहे. सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीत परराष्ट्र व्यवहार आणि परकीय देशांशी करार करणे हे विषय आहेत. नोंद क्रमांक १० आणि १४. म्हणजे अधिकार केंद्राचा. करारावर सही करण्यापूर्वी संसदेची मंजुरी घ्यावी असे बंधन घटनेत नाही. नोंद १४ खाली संसद करार करण्याच्या पद्धतीविषयी कायदा करू शकते. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्या. वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये अशा कायद्याची शिफारसही केली होती. पण सरकारे आली आणि गेली, कोणालाही हा कायदा करावासा वाटला नाही. सत्तेत नसताना जो पक्ष तो मागतो, तोच सत्तेत गेल्यावर विसरतो.

इतर देशांत काय आहे? अमेरिकेत तहाला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मते लागतात. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्याने तह संसदेपुढे २१ बैठकींचे दिवस ठेवावा लागतो. आपल्याकडे १९९४ च्या एप्रिलमध्ये माराकेशला जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर वाणिज्य मंत्री प्रणव मुखर्जी यांनी सही केली. त्या करारावर देशभर वाद झाला, शेतकऱ्यांची आंदोलने झाली. पण सहीचा निर्णय मंत्रिमंडळाचा होता. आमच्या धंद्यावर त्या सहीचा परिणाम दहा वर्षांनी पूर्ण झाला. १९७४ पासून चालत आलेला कापडाचा निर्यात कोटा १ जानेवारी २००५ ला संपला. कोणाला दार उघडले, कोणाचे संरक्षण गेले.

जमीन द्यायची असेल तर गोष्ट वेगळी. भारत-बांगलादेश सीमेवरील छिटमहालांची अदलाबदल १९७४ च्या इंदिरा-मुजीब करारात ठरली होती. देशाचा भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते, म्हणून हा विषय संसदेत आला आणि मे २०१५ मध्ये दोन्ही सभागृहांनी तो एकमताने मंजूर केला. ४१ वर्षे लागली, पण काम पक्के झाले. बाजार द्यायचा असेल तर मात्र कस्टम्स कायद्याच्या २५ व्या कलमाखाली एक अधिसूचना पुरते. ती नंतर सभागृहापुढे ठेवली जाते, पण तोवर माल बंदरात उतरलेला असतो. एक बिघा जमिनीसाठी संसद आणि अख्ख्या बाजारासाठी एक अधिसूचना! हा हिशोब मला कधी जुळला नाही.

प्रत्यक्षात हात किती?

कागद बाजूला ठेवून प्रत्यक्ष पाहिले तर धोरणाच्या हंडीत बरेच हात आहेत.

पहिला हात पंतप्रधानांचा. पंडित नेहरूंनी १९४७ ते १९६४ परराष्ट्र खाते स्वतःकडेच ठेवले. पुढे वेगळे मंत्री आले, पण मोठा निर्णय पंतप्रधान कार्यालयातच होतो ही रीत राहिली. १९९८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचे पद निर्माण झाल्यावर ती अधिक घट्ट झाली. दुसरा हात अधिकाऱ्यांचा. एवढ्या मोठ्या देशाच्या परराष्ट्र सेवेत अधिकारी हजाराच्या आसपास. तिसरा हात वाणिज्य मंत्रालयाचा. व्यापार कराराची बोलणी तेच करते. परराष्ट्र खाते शेजाऱ्याशी दोस्ती पाहते, वाणिज्य खाते आयात-निर्यात पाहते, वस्त्रोद्योग खाते कापड पाहते. तिघांचे मत एक असतेच असे नाही.

चौथा हात राज्यांचा आणि मित्रपक्षांचा. तो घटनेत दिसत नाही, पण ताकद मोठी. जुलै २००८ मध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्या पक्षांनी पाठिंबा काढला, तेव्हा सरकारला २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकावा लागला. मार्च २०१३ मध्ये श्रीलंकेच्या प्रश्नावर द्रमुक सरकारबाहेर पडला आणि त्याच आठवड्यात जिनिव्हाला मानवाधिकार परिषदेत भारताने श्रीलंकेविरुद्धच्या ठरावाला मत दिले. तामिळनाडूच्या जनभावनेची दखल दिल्लीला घ्यावी लागली.

पाचवा हात संघटित धंद्याचा. आशियातील मोठा व्यापार करार, आरसेप, याची बोलणी सात वर्षे चालली. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भारत त्यात सामील होणार नाही असे जाहीर केले. त्याआधी काय झाले ते आठवा. न्यूझीलंडची दूध पावडर आली तर आपण बुडू, असे दूध संघ उघड सांगत होते. शेतकरी संघटना रस्त्यावर होत्या, पोलाद कारखानदार खात्यात खेपा घालत होते, स्वदेशी जागरण मंच आणि विरोधी पक्ष एकाच बाजूला होते. चीनच्या मालाची भीती होतीच. बाकीच्या १५ देशांनी नोव्हेंबर २०२० मध्ये सह्या केल्या, भारत बाहेर राहिला. तो निर्णय चूक की बरोबर, यावर वाद घालता येईल. दूधवाल्यांचे म्हणणे दिल्लीपर्यंत पोहोचले, यावर वाद नाही.

सहावा हात परदेशात राबणाऱ्यांचा. कोकणातील घरांना हे सांगायला नको. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा दीड लाखाहून अधिक भारतीय तिथे अडकले होते. परराष्ट्र मंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना भेटले. त्या भेटीवर टीका झाली, पण आपली माणसे सुखरूप आणणे हेच त्या वेळी भारताचे धोरण होते. त्या मजुरांनी मोर्चा काढला नव्हता. त्यांचे तिथे असणेच धोरण ठरवून गेले.

या सहा हातांत यंत्रमागाचा हात कुठे आहे? मला दिसत नाही. सुरतेचा वेगळा, भिवंडीचा वेगळा, मालेगावचा वेगळा. मालक वेगळा, जॉबवर्कवाला वेगळा, सूत व्यापारी वेगळा. म्हणून धोरण आमच्याशिवाय बनते आणि आमच्यावर उतरते.

सहीने आले, सहीने गेले

२०२५ साली उलटा प्रकार झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांची सत्ता गेली आणि दोन देशांतील संबंध बिघडत गेले. ८ एप्रिल २०२५ रोजी भारताने बांगलादेशचा माल आपल्या बंदर-विमानतळांवरून तिसऱ्या देशात जाऊ देण्याची २०२० पासूनची सवलत काढून घेतली. विमानात जागा मिळत नाही म्हणून आपले कपडे निर्यातदार ही मागणी करतच होते. त्याच महिन्यात बांगलादेशने भारतीय सुताची खुश्कीच्या नाक्यांवरून होणारी आयात थांबवली. १७ मे रोजी भारताने त्यांचे तयार कपडे जमिनीवरील नाक्यांवरून आणण्यास मनाई केली. फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता ही दोन बंदरे ठेवली.

आमच्या बाजारात त्या दिवशी काही जणांनी पेढे वाटले. मी पेढा घेतला, पण मनातून खूश झालो नाही. कारण जी सवलत एका सहीने येते आणि एका सहीने जाते, तिच्या भरवशावर कोणी नवा शटललेस माग घ्यायचा? मागाच्या कर्जाची फेड वर्षानुवर्षे चालते. ढाका-दिल्लीचा मिजाज सहा महिन्यांत बदलतो. शिवाय ज्यांनी तिकडे सुताच्या गाड्या भरून पाठवल्या होत्या, त्यांना पेढे कोण देणार?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून रशियन तेलाच्या कारणावरून आणखी २५ टक्के शुल्क लावले. स्वस्त तेल घेण्याचा निर्णय देशाच्या दृष्टीने समजण्यासारखा होता. २०२२ पासून त्याचा फायदा झालाही. पण भुर्दंड पडला तो तिरुपूरच्या होजियरीवर, सुरतेच्या हिऱ्यावर, कोळंबीवर आणि चादरी-टॉवेलवर. तेल एकाने घेतले, दंड दुसऱ्याने भरला. दंड भरणाऱ्याला आधी काही सांगितले गेले होते का, आणि त्याच्यासाठी काही तजवीज ठेवली होती का, हा माझा सवाल आहे.

मशवरा म्हणजे नकाराधिकार नव्हे

कोणी म्हणेल, परराष्ट्र धोरण काय बाजारात बसून ठरवायचे? बोलणी गुप्त असतात. प्रत्येक गावाला विचारत बसलो तर एकही करार होणार नाही, तिस्तेचे काय झाले पाहा. या म्हणण्यात तथ्य आहे. तिस्ता अडली, त्याचे नुकसान पलीकडच्या गरीब शेतकऱ्याला सोसावे लागते, आणि शेजाऱ्याच्या मनात भारताविषयी शंका राहते. मी प्रत्येकाला नकाराधिकार द्या असे म्हणत नाही.

पण व्यापारी म्हणून मला एक साधी गोष्ट माहीत आहे. मोठी ऑर्डर घेताना मी समोरच्या पार्टीला माझी लागत सांगत नाही. ती गुप्तच ठेवायची. पण होकार देण्यापूर्वी माझ्या मागवाल्याला विचारतो, "चाचा, या भावात, या मुदतीत कापड निघेल का?" त्याला न विचारता शब्द दिला तर माल वेळेवर निघत नाही आणि दोन्हीकडे माझीच पत जाते. मशवरा म्हणतात तो हाच.

आणि याचा नमुना आपल्याच देशात आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी गंगेच्या पाणीवाटपाचा ३० वर्षांचा करार झाला. देवेगौडा पंतप्रधान होते, गुजराल परराष्ट्र मंत्री. फराक्क्याचा प्रश्न त्याआधी वीस-पंचवीस वर्षे भिजत पडला होता. त्या वेळी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांना आधीच विश्वासात घेतले गेले, ते स्वतः ढाक्याला जाऊन आले, आणि करार झाला. केंद्रात पुढे कितीतरी सरकारे बदलली, पण तो मोडला नाही. तेच राज्य, तोच शेजारी, विषय पुन्हा पाण्याचाच. १९९६ ला आधी विचारले, काम झाले. २०११ ला राज्याची खातरी न करता तारीख ठरवली, काम अडले. विचारल्याने धोरण कमजोर होत नाही, उलट टिकते.

काय करता येईल?

सरकारने तीन गोष्टी कराव्यात. ज्या कराराने आयात शुल्क बदलणार आहे, तो सहीपूर्वी संसदेच्या स्थायी समितीपुढे, हवे तर बंद दाराआड, ठेवावा. कोणत्या धंद्याला फायदा आणि कोणाला फटका, याचा लेखी अंदाज त्याबरोबर असावा. आणि फटका बसणाऱ्यासाठी मुदत व मदत करारातच ठरवावी. परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये राज्यांसाठी वेगळा विभाग सुरू केला आहे. महाराष्ट्र सरकारने त्या दारातून यंत्रमागाचे म्हणणे का नेऊ नये?

आता आपल्याविषयी. काही वर्षांपूर्वी एका व्यापार कराराच्या बोलणीच्या वेळी एका संघटनेचे पत्र माझ्याकडे आले होते. कोणत्या एचएस कोडवर सवलत देऊ नये, ते कारणासह पंधरा दिवसांत कळवा, असे त्यात होते. पत्र इंग्रजीत, हंगाम ईदचा, मुलगा कामात. मी ते गल्ल्याखालच्या खणात ठेवले. सहा महिन्यांनी रद्दी काढताना सापडले. मुदत केव्हाच संपली होती. म्हणजे एकदा मला विचारले गेले होते, आणि मी उत्तर दिले नव्हते. दिल्लीवर बोट दाखवताना हे सांगितले नाही तर तो बेइमानीचा हिशोब होईल.

दूध संघ जिंकले, कारण त्यांच्याकडे आकडे होते, माणसे होती आणि ते वेळेवर बोलले. आपल्याकडे माणसे आहेत. आकडे आपल्याच बिलबुकांत पडले आहेत, ते एकत्र करायला कोणी बसत नाही. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या मंडळींनी मिळून एक माणूस ठेवावा, ज्याचे काम एवढेच की विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना, वाणिज्य मंत्रालयाची विचारणा आणि पीडेक्सिलचे परिपत्रक रोज वाचावे, मराठी-उर्दूत चार ओळींत सांगावे, आणि मुदतीच्या आत आपले उत्तर पाठवावे. त्याचा पगार शंभर गाळ्यांत वाटला तर प्रत्येकाला महिन्याच्या चहापेक्षा कमी पडेल. माझ्या गाळ्याचा हिस्सा मी द्यायला तयार आहे.